नव्या डिस्प्लेची वाट बघायची की आत्ताच टीव्ही घ्यायचा?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. डोंबिवलीचा फ्लॅट, हॉलला पश्चिमेची बाल्कनी, सात वर्षं जुना ५० इंची एलईडी टीव्ही ज्याचा अर्धा स्क्रीन काळोखा झालाय, बजेट ९० हजारांपर्यंत आणि घ्यायचाय ६५ इंच. सासूबाई दिवसभर मालिका आणि बातम्या बघतात, मिस्टरांना क्रिकेट लागतं, मुलाचं प्लेस्टेशन आहे. आणि मिस्टर म्हणतायत की आरजीबी मिनी एलईडी आलाय, मायक्रोएलईडी येतोय, आत्ता घेतला तर दोन वर्षांत जुना होईल, त्यापेक्षा थांबूया.

मी पिक्चर ट्यूबच्या काळापासून टीव्ही रिपेअर आणि बसवायचं काम करतोय त्यामुळे सरळ सांगतो, टेक्नॉलॉजीसाठी थांबू नका. सेलसाठी थांबायचं असेल तर जरूर थांबा, ते काही आठवड्यांचं काम आहे. मिस्टरांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, नवीन येतंय हे खरंच आहे, पण जे येतंय ते तुमच्या साईझमध्ये आणि तुमच्या बजेटात कधी येणार हा प्रश्न वेगळा आहे आणि घोडं नेहमी तिथंच अडतं.

हे ओळखायची माझी एक पद्धत आहे. नवीन काही आलं की बघायचं की टीव्हीतला नक्की कोणता भाग बदललाय. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो त्यात पुढे एलसीडीचं पॅनेल असतं आणि मागे लाईट असतो, पॅनेल स्वतः उजेड देत नाही, ते फक्त मागचा उजेड कमीजास्त अडवतं. साधा एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी (मागे बारीक बारीक पुष्कळ दिवे) आणि आता आरजीबी मिनी एलईडी (तेच दिवे लाल, हिरवे, निळे), हे सगळे या एकाच जातीतले. पॅनेल बनवायचे कारखाने तेच, काच तीच, फक्त मागचा लाईट सुधारत गेला. दुसरी जात ओएलईडी आणि मायक्रोएलईडीची, तिथं मागे लाईटच नाही, प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. म्हणजे पिक्सेलच नव्याने बनवायचा, त्यासाठी कारखानाही नवा, मशिनरीही नवी आणि कितीतरी वर्षं निम्मा माल भंगारात. लाईट बदलणारी टेक्नॉलॉजी चार-सहा वर्षांत मध्यमवर्गीय घरात पोचते, पिक्सेल बदलणारीला पंधरा-वीस वर्षंसुद्धा लागतात, आणि कधीकधी ती पोचतच नाही.

बघा ना, सोनीने पहिला ओएलईडी टीव्ही २००७ मध्ये विकायला काढला, तो होता ११ इंचांचा. ५५ इंची ओएलईडी बाजारात यायला २०१३ उजाडलं, एलजीने आणला, आणि अमेरिकेत त्यांच्या वक्र मॉडेलची किंमत होती जवळपास १५ हजार डॉलर. आज ५५ इंची ओएलईडी सेलमध्ये लाखाच्या आसपास मिळतो पण ६५ इंची अजूनही तुमच्या बजेटबाहेरच आहे. आता मिनी एलईडी घ्या, टीसीएलने २०१९ मध्ये पहिला आणला आणि आज ६५ इंची मिनी एलईडी तुमच्या ९० हजारांत व्यवस्थित बसतो.

आणि जी पोचलीच नाही तिचंही सांगतो, कारण हल्ली कुणाला ती आठवतही नाही. एसईडी म्हणून एक प्रकार होता, कॅनन आणि तोशिबाचा. आयडिया भारी होती, पिक्चर ट्यूबमध्ये मागून इलेक्ट्रॉनचा मारा व्हायचा तसाच मारा पण प्रत्येक पिक्सेलमागे एक बारीक स्वतंत्र सोय, म्हणजे ट्यूबचा काळा रंग आणि ट्यूबचा वेग पण टीव्ही सपाट. कॅननने १९८६ पासून त्यावर काम केलेलं, १९९९ मध्ये तोशिबा सोबत आली, २००४ मध्ये दोघांनी मिळून कंपनी काढली, २००६ च्या लास व्हेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स शोमध्ये दाखवला तेव्हा बघणारे थक्क झाले. मग पेटंटवरून अमेरिकेत खटला झाला, २००७ मध्ये तोशिबाने आपला हिस्सा कॅननला देऊन टाकला, तोपर्यंत एलसीडीचे भाव इतके कोसळले की नवा कारखाना काढून काही उरणारच नव्हतं, आणि २०१० मध्ये कॅननने घरगुती एसईडीचा नाद सोडला. दुकानात एक पीससुद्धा आला नाही. त्या चार-पाच वर्षांत हौशी लोक खरोखर थांबले होते, प्लाझ्मा नको एलसीडी नको, एसईडी येऊ दे म्हणत. पिक्चरच्या दृष्टीने ते थांबणं अगदी रास्त होतं, एसईडी खरंच चांगला होता, पण चांगला असणं आणि दुकानात येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. प्लाझ्मा या तेव्हाच्या दुसऱ्या सपाट टीव्हीचंही तसंच, तो दुकानात आला पण टिकला नाही, पायोनियर कंपनीच्या कुरो नावाच्या प्लाझ्मा टीव्हीइतका काळा काळोख त्याकाळी दुसरीकडे नव्हता, तरी २००९ मध्ये पायोनियरने टीव्हीचा धंदाच बंद करायचं जाहीर केलं.

आता मायक्रोएलईडी. सोनीने २०१२ मध्ये ५५ इंची नमुना दाखवला होता, सॅमसंगने २०१८ मध्ये १४६ इंची भिंत दाखवली, आणि २०२३ मध्ये भारतात ११० इंची मायक्रोएलईडी टीव्ही लाँच केला, किंमत १ कोटी १४ लाख ९९ हजार रुपये. इतका महाग का, तर हिशोब साधा आहे. ४के टीव्हीत साधारण ८३ लाख पिक्सेल, प्रत्येकात लाल हिरवा निळा असे तीन, म्हणजे जवळपास अडीच कोटी बारीक एलईडी, केसाच्या जाडीपेक्षा लहान, एकेक उचलून जागेवर बसवायचे. समजा ९९.९९ टक्के बरोबर बसले तरी अडीच हजार चुकीचे राहिले, आणि स्क्रीनवर दहा डेड पिक्सेल असले तरी गिऱ्हाईक टीव्ही परत पाठवतं. त्यात गंमत अशी की साईझ लहान केला तरी पिक्सेल तेवढेच राहतात, उलट एलईडी अजून बारीक करावे लागतात, म्हणून ११० इंचांपेक्षा ५५ इंची बनवणं सोपं नाही, जास्त अवघड आहे. हॉलमध्ये ६५ इंची मायक्रोएलईडी परवडणाऱ्या भावात लावायचा म्हणून कुणी थांबत असेल तर मी त्याला हात जोडून नको म्हणेन.

क्वांटम डॉट, म्हणजे शुद्ध रंगाचा उजेड देणारे अतिबारीक कण, त्यांचा स्वतः पेटणारा डिस्प्ले पण येतोय म्हणतात, त्याचे छोटे नमुने दाखवलेत, २०२५ मध्ये सॅमसंगने १८.२ इंचांचा दाखवला. तिथं निळा डॉट लवकर दमतो, बाकी सगळं नंतर. त्याचा विचार आत्ता करूच नका.

राहिला आरजीबी मिनी एलईडी, जो मिस्टरांनी बघितला असणार. हा वरच्यांपेक्षा वेगळा, कारण इथं फक्त मागचा लाईट बदललाय, त्यामुळे हा नक्की येणार आणि लवकर खाली उतरणार. एक घोळ आधी मिटवतो, सॅमसंगचा मायक्रो आरजीबी म्हणजे मायक्रोएलईडी नव्हे, नावं सारखी वाटतात पण मायक्रो आरजीबी हा एलसीडीच आहे, मागच्या लाईटचे एलईडी बारीक आणि तीन रंगांचे एवढंच. नेहमीच्या मिनी एलईडीत मागचे दिवे निळे असतात, त्यापुढे क्वांटम डॉटची शीट, तिथून पांढरा उजेड होतो आणि मग पॅनेलचे फिल्टर त्यातून रंग काढतात. आरजीबीत लाल, हिरवे, निळे दिवे वेगवेगळे, म्हणजे मागूनच रंग येतो, वाया कमी जातो, रंग जास्त शुद्ध मिळतात. कल्पना नवीन नाही, सोनीने २००४ मध्येच क्वालिया ००५ नावाच्या ४६ इंची टीव्हीत तीन रंगांचा बॅकलाईट टाकला होता, पण तेव्हा तो फार महाग पडला. आता हायसेन्सने २०२५ मध्ये ११६ इंची आणला, सॅमसंगने ११५ इंची, आणि २०२६ साठी ५५ आणि ६५ इंचांतले पण जाहीर झालेत.

मग यासाठी थांबायचं का? माझं उत्तर तरीही नाही, आणि किंमत हे त्यातलं एकच कारण. दुसरं कारण, जो जादा रंग हा दाखवू शकतो तो तुम्ही बघता त्या कार्यक्रमांत नसतो. ओटीटीवरचे एचडीआर (जास्त उजळ आणि जास्त रंगांचे) सिनेमे बहुतेक पी३ नावाच्या रंगमर्यादेत तयार होतात आणि आजचा बरा मिनी एलईडी ती मर्यादा जवळपास पूर्ण दाखवतो. केबलवरची मालिका आणि क्रिकेट तर त्याहून लहान मर्यादेत असतं. म्हणजे सासूबाईंची मालिका आरजीबीवर जास्त रंगीत दिसेल ती फक्त टीव्हीने रंग ताणला म्हणून, आणि मग माणसांचे चेहरे टोमॅटोसारखे दिसतात. तिसरं कारण, मागे दिव्यांचे झोन, म्हणजे एकत्र कमीजास्त होणारे गट, शेकडो ते काही हजार आणि पुढे पिक्सेल ८३ लाख, म्हणजे एका झोनच्या उजेडात हजारो पिक्सेल. आता तो उजेड रंगीत असला की एका वस्तूचा रंग शेजारच्या वस्तूत सांडू शकतो. ते सांभाळायचं काम प्रोसेसरचं, आणि पहिल्या पिढीत हे सांभाळणं कधीच पूर्ण जमलेलं नसतं, दुसऱ्या तिसऱ्या पिढीत जमतं. पहिल्या पिढीचा अजून एक त्रास आमच्या बाजूचा आहे, बॅकलाईटची अशी पट्टी मार्केटमध्ये सुटी मिळायला काही वर्षं जातात, तोवर कंपनीचंच सर्व्हिस सेंटर आणि त्यांचाच भाव.

आता तुमचा चालू टीव्ही. अर्धा स्क्रीन काळोखा झालाय म्हणालात, तो विकायच्या किंवा टाकायच्या आधी एक करून बघा. रात्री हॉलचे सगळे लाईट बंद करा, टीव्ही चालू करा, आणि मोबाईलचा टॉर्च काळोख्या भागाला अगदी जवळून तिरका मारा. आत फिकट चित्र हलताना दिसलं, एखादा चेहरा, चॅनेलचा लोगो काहीही, तर पॅनेल ठीक आहे आणि फक्त बॅकलाईट गेलाय. टॉर्च मारूनही काहीच दिसलं नाही किंवा उभ्या रेषा दिसल्या तर मात्र पॅनेल, टीकॉन (पॅनेलला चित्राचा सिग्नल देणारा बोर्ड) किंवा त्याच्या पट्ट्यांचा दोष, आणि पॅनेल गेलं असेल तर खर्च करू नका, ते नव्या टीव्हीच्या किमतीजवळ जातं. बॅकलाईटमध्ये एलईडी दिवाळीच्या माळेसारखे एकामागोमाग जोडलेले असतात, एक उडाला की त्या लायनीतले सगळे विझतात, म्हणून अर्धा भाग एकदम गेलेला दिसतो. ५० इंचीचं हे काम साधारण ३ ते ५ हजारांत होतं. पण दोन गोष्टी आधी ठरवून घ्या, एक म्हणजे सगळ्या पट्ट्यांचा पूर्ण सेट बदलायचा, एकच एलईडी बदलून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा कारण बाकीचे पण तेवढेच जुने आहेत आणि सहा महिन्यांत दुसरा उडतो. दुसरं म्हणजे पट्टीपर्यंत पोचायला पॅनेलची काच उचलावी लागते, ती फार पातळ असते आणि कडेला चिकटवलेल्या फितीसारख्या पट्ट्या नाजूक असतात, एकट्या माणसाने गुडघ्यावर ठेवून उचलायचं हे काम नाही, दोघं लागतात. काच फुटली तर जबाबदारी कुणाची हे काम सुरू व्हायच्या आधी बोलून घ्या.

दुरुस्त झाला की पिक्चर मोड व्हिव्हिडवरून काढा आणि बॅकलाईट पन्नास-साठवर ठेवा. बहुतेक घरांत तो शंभरवर असतो, दुकानातल्या डिस्प्लेसारखा, आणि एलईडी उष्णतेनेच मरतात. ओटीटी ॲप स्लो झालेत म्हणून टीव्ही जुना झाला असं वाटत असेल तर त्याला मागे ओटीटी चालवणारी एक स्टिक लावली की झालं. असा टीव्ही बेडरूममध्ये सासूबाईंसाठी अजून चार वर्षं सहज जातो, आणि तुम्हाला हॉलच्या टीव्हीची घाई उरत नाही. हे मी मुद्दाम सांगतोय कारण बंद पडलेला टीव्ही समोर असला की माणूस त्या शनिवारी जे मिळेल ते उचलतो.

मग थांबायचं किती? आपल्याकडे नवीन मॉडेल साधारण मार्च ते जून येतात, त्यावेळी मागच्या वर्षाचा माल दुकानदाराला काढायचा असतो, आणि दुसरा चांगला काळ गणपती ते दिवाळी. मागच्या वर्षाचं वरचं मॉडेल आणि यंदाचं मधलं मॉडेल एकाच भावात मिळत असेल तर डोळे झाकून मागच्या वर्षाचं वरचं घ्या, एका वर्षात बहुतेक वेळा नाव आणि रिमोट बदलतो. तारीख माहीत असलेलं थांबणं फायद्याचं असतं, त्याचं अगदी ताजं उदाहरण म्हणजे जीएसटी. ३ सप्टेंबर २०२५ ला ठरलं आणि २२ सप्टेंबरपासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, ज्या टीव्हीची मूळ किंमत ७० हजार होती तो ८९,६०० वरून ८२,६०० वर आला. ज्यांनी ते तीन आठवडे कळ काढली त्यांचे ७ हजार वाचले. पण भाव उतरतच जातात असं धरून बसू नका, २०२५ च्या शेवटी मेमरी चिप महागल्या, डॉलर नव्वदीपार गेला, आणि टीव्हीचं पॅनेल बाहेरूनच येतं, त्यामुळे दोन वर्षं थांबून तोच टीव्ही महाग पण पडू शकतो.

तुमच्या घराला काय योग्य, तर मी मिनी एलईडीच म्हणेन, ओएलईडी नाही. ओएलईडीचा पिक्चर अंधाऱ्या खोलीत सगळ्यात सुंदर, यात वाद नाही, मला स्वतःला सिनेमा बघायला तोच आवडतो. पण पश्चिमेची बाल्कनी म्हणजे दुपारी चारनंतर हॉल उजेडाने भरलेला, तिथं मिनी एलईडीचा ब्राईटनेस कामाला येतो. शिवाय सासूबाईंचा न्यूज चॅनेल, खाली लाल पिवळी पट्टी, कोपऱ्यात लोगो, रोज पाच-सहा तास एकाच जागी, ओएलईडीला याचा डाग बसायचा धोका राहतो. आणि एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, ओएलईडी टीव्ही रिमोटने बंद केल्यावर आतल्या आत पिक्सेलची दुरुस्ती करून घेत असतो, त्यासाठी त्याला स्टँडबायला वीज लागते. आपल्या घरांत रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असते, ती सवय आणि ओएलईडी यांचं जमत नाही. फक्त मुलाचं गेमिंग आणि रात्रीचे सिनेमे एवढाच वापर असता तर मी ५५ इंची ओएलईडी सुचवला असता.

मिनी एलईडी घेताना बॉक्सवर मिनी एलईडी लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, झोन किती ते विचारा. ६५ इंचीत दोनशेच्या खाली असतील तर मला तो नको, चारशे-पाचशे असतील तर छान. मुलासाठी १२० हर्ट्झचं पॅनेल (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारं) आणि प्लेस्टेशन जोडायला एचडीएमआय २.१ चं पोर्ट बघा, काही मॉडेलमध्ये पॅनेल ६० हर्ट्झचं असतं आणि मोठ्या अक्षरात १२० असं भलतंच काहीतरी लिहिलेलं असतं, त्यामुळे कंपनीच्या वेबसाईटवर पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट, म्हणजे हाच हर्ट्झचा आकडा, वाचा. ८के कडे बघू पण नका, आपल्याकडे त्यात दाखवायला काही नाही. सेट टॉप बॉक्सवर मालिकांचे एचडी चॅनेल घ्या, महिन्याला थोडे जास्त जातील पण ६५ इंचावर साधं चॅनेल बघवत नाही, कितीही महाग टीव्ही असला तरी. दुकानात बघायला जाल तेव्हा पेनड्राइव्हवर स्वतःचा एखादा रात्रीचा सीन न्या, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं चालणारा, आणि बाजूला उभं राहून पण बघा, कारण तुमच्या सोफ्याची एक बाजू तिरकीच असणार.

वॉरंटीत पॅनेलसाठी वेगळी मुदत आहे का ते बिलावर लिहून घ्या, तोंडी तीन वर्षं सांगतात आणि कार्डावर एक निघतं. डिलिव्हरी आली की इन्स्टॉलेशनच्या माणसासमोरच पेटवा, यूट्यूबवर करडा स्क्रीन लावून कोपरे बघा, मग पूर्ण लाल, हिरवा, निळा लावून जवळून एक नजर फिरवा, आणि बॉक्स, थर्माकोल निदान पंधरा दिवस टाकू नका, बदलून घ्यायची वेळ आली तर पहिला प्रश्न बॉक्सचाच विचारतात.